कुर्टीच्या मेस्त्रीने बसवलेला डिफ्लेक्टर: पिकअपवाल्यांनी वाचावे

बेळगावची भाजी चोर्लेमार्गे डिचोलीला आणायची आणि तिथून म्हापसा, पेडणे, कधी मडगावपर्यंत पोचवायची, हा आमचा धंदा. गाडी बोलेरो पिकअप, हौद्यावर लोखंडी सांगाडा आणि ताडपत्री. डिझेल वाचवायचे म्हणून फोंड्याला कुर्टीच्या एका फायबरवाल्या मेस्त्रीकडून केबिनच्या टपावर डिफ्लेक्टर, म्हणजे समोरचा वारा वर वळवणारा फायबरचा तिरका आडोसा, बसवून घेतला. काम चोख आहे.

मेस्त्रीने भाव सांगण्याआधी टेप काढली आणि टपापासून सांगाडा किती वर जातो ते मोजले. दीड फूट भरला. "बाब, केबिनच्या मागे ही भिंत उभी आहे. सगळा वारा तिच्यावर आपटतो," म्हणाला. वारा ताडपत्रीच्या वरच्या काठावरून निसटून जाईल असा कोन त्याने त्या मापावर धरला. बाजारात मिळणारा तयार डिफ्लेक्टर सगळ्या गाड्यांना एकाच मापाचा असतो, आणि सांगाड्याच्या उंचीशी जुळला नाही तर त्याचा फायदा फारसा नाही. माझ्या देखत त्याने एका गिऱ्हाइकाला परत पाठवले. त्याचा हौदा उघडा होता, वर सांगाडा नव्हता. "तुझ्या गाडीला हा लावलास तर वारा उलट जास्त अडेल. हौद्यावर ताडपत्री ताणून बांध, ते पुरे." हातात आलेले काम असे सोडणारा कारागीर आजकाल कुठे मिळतो? माझा विश्वास तिथेच बसला.

त्याच गिऱ्हाइकाने हौद्याचा मागचा फाळका खाली सोडून गाडी पळवली तर बरे का, असे विचारले. बरेच ड्रायव्हर तसे मानतात. प्रत्यक्षात फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. फाळका सोडला की ही घडी मोडते, म्हणून तो बंदच बरा.

आता फरकाचे बोलू. पंप तोच ठेवून टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असे मोजत आलो. पत्रादेवी ते मडगाव 66 नंबरच्या हायवेवर लिटरला 12 च्या आसपास मिळायचे, आता 13 च्या थोडे वर मिळते. नव्या झुवारी पुलावर आडवा वारा असतो, तिथेही गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. चोर्ले घाटात मात्र काडीचा फरक नाही, आणि तो पडणारही नव्हता. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: 40 च्या वेगाला जेवढा, त्याच्या चौपट 80 ला. घाटात दुसऱ्या गियरवर चढताना डिझेल खाते ते वजन. म्हणून ज्यांची फेरी फक्त सत्तरीच्या गावांतून किंवा घाटातच आहे, त्यांनी यात पैसे घालू नयेत. टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे तपासावी. ते फुकट आहे आणि सगळीकडे लागू पडते.

पुढचा लोखंडी गार्डही मेस्त्रीने काढायला लावला. वजन कमी झाले ते एक, पण असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करा म्हणून केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे. धडक बसली तर समोरचा पादचारी त्याने जास्त जखमी होतो, हे मला पैशांहून मोठे कारण वाटते. मोटर वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे, तेव्हा टपावर काहीही चढवण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

बसवणीसकट मला 8,000 रुपये पडले. बोल्टांखाली रबराचे वायसर घातले आहेत, पहिल्या जोरदार पावसात टपातून थेंबभर पाणी आत आले नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत फायबर नीट सुकत नाही म्हणून मेस्त्री जूननंतर नवे काम घेत नाही. ज्यांना करायचे आहे त्यांनी चतुर्थी झाली की जावे, आणि सांगाडा व ताडपत्री गाडीवर चढवूनच न्यावी, मोकळी गाडी तो मोजत नाही.