माल्टातल्या हॉटेलातली सात जेवणं, नऊ महिन्यांनंतर

सप्टेंबरमध्ये कामासाठी माल्टाला आले. ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या क्लायंटसोबत व्हॅलेटा या राजधानीतल्या एका मोठ्या हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा जेवले आणि तेव्हापासून आत्ता जूनपर्यंत सात वेळा तिथं जाणं झालं, तीनदा कंपनीच्या खर्चानं, चारदा आमच्या खिशातून. थोड्या तक्रारीही लिहिणार आहे म्हणून हॉटेलचं नाव टाकत नाही. एकदाच जाऊन आलेल्यांचे रिव्ह्यू मी खूप वाचले होते, पण ऋतू बदलला की तिथलं ताट किती बदलतं हे त्यातून कळत नाही आणि माझ्या मते सगळी गंमत तिथंच आहे.

ऑक्टोबरमध्ये गेले तेव्हा लांपुकीचा सीझन होता. लांपुकी म्हणजे माही-माही नावाचा मासा, इथं ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबर संपेपर्यंत पकडतात, आणि पकडायची पद्धत अशी की समुद्रात तराफे सोडायचे, त्याला खजुरीच्या झावळ्या बांधायच्या, मासा सावलीसाठी खाली जमतो की भोवती जाळं टाकायचं. आमच्या टेबलवरच्या वेटरनं हे इतक्या आपुलकीनं सांगितलं, त्याचे आजोबा मार्साश्लॉकला मासेमारी करायचे म्हणे. मी रत्नागिरीची, मासा खाताना मला कोणी फसवू शकत नाही, आणि लांपुकीत चरबी कमी असते त्यामुळे आचेवर एक मिनिट जास्त राहिली की चामट होते. ही झाली नव्हती. वरची कातडी कुरकुरीत, आतला मासा ओलसर, सोबत टोमॅटो, ऑलिव्ह आणि इथल्याच केपरचा (खारवलेल्या छोट्या कळ्यांचा) पातळ रस, बस्स. त्या रात्री मी ठरवलं की नवऱ्याला इथं आणायचंच.

पाव वेगळा सांगायला हवा. सुरुवातीला छोटासा फ्तीरा देतात, इथली चपटी गोल भाकरीसारखी ब्रेड, वर टोमॅटोची पेस्ट, केपर, ऑलिव्हचं तेल आणि शेजारच्या गोझो बेटावरच्या मिठागरांतलं मीठ. फ्तीरा 2020 साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. तो बेकरीत दोन-तीन युरोत मिळतो, पण इथं हातात येतो तेव्हा अजून गरम असतो. सातही वेळा तो तितकाच चांगला होता आणि हे सातत्य मला फार मोठं वाटतं.

डिसेंबरमध्ये लग्नाच्या वाढदिवसाला सात कोर्सचा टेस्टिंग मेन्यू घेतला, माणशी 140 युरो, वाइन वेगळी. इथं मात्र मन खट्टू झालं. सातातले तीन कोर्स वाग्यू बीफ, फ्रान्सचे ऑयस्टर आणि ट्रफल (महागडी भूछत्रं) यांचे होते. उत्तम शिजवलेले होते, पण हे दुबईतही मिळतं, पॅरिसमध्येही मिळतं. उरलेल्यांत सशाचा एक कोर्स होता, पास्त्याच्या आत भरलेला. पूर्वी माल्टावर सेंट जॉनच्या नाइट्सचं, म्हणजे ख्रिस्ती सरदारांच्या संघाचं, राज्य होतं, त्यांच्या काळात सशाच्या शिकारीवर बंधनं होती, म्हणून ससा खाणं ही इथल्या लोकांच्या अभिमानाची गोष्ट झाली असं माझी माल्टीज सहकारी सांगते. तिनंच पुढं आम्हाला म्जार गावात नेलं, तिथं वाइन आणि लसणात तासन्‌तास शिजवलेला ससा मोठ्या भांड्यात मध्ये ठेवतात आणि सगळे पावानं पुसून खातात, त्याच्यापुढे हॉटेलचा ससा मला फार घडवलेला, फार शांत वाटला. जेवण संपायला साडेतीन तास लागले, शेवटच्या दोन कोर्सच्या मध्ये आम्ही चाळीस मिनिटं नुसते बसून होतो. पाण्याच्या बाटलीचे 8 युरो, त्या तीन लागल्या. (नळाचं पाणी पिता येतं, पण त्यात समुद्राचं गोडं केलेलं पाणी बरंच असतं, चव लागत नाही, त्यामुळं बाटली घेतलीच जाते.)

एप्रिलमध्ये सासू-सासरे आले. सासूबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बुकिंग करताना लिहून दिलं होतं, तरी पहिल्या दुपारी त्यांना आधी ज्बेना आलं, म्हणजे गोझोचं मेंढीच्या दुधाचं चीज, आणि ते रेनेट (दूध साकळायला वापरतात ते जनावराच्या पोटातलं द्रव्य) घालून करतात ते मी विचारलं तेव्हा कळलं. मग रिसोटो, म्हणजे इटालियन मऊ भात. नंतर परत रिसोटो, दुसऱ्या रंगाचा. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण मला फार वाईट वाटलं, कारण बिल सगळ्यांचं सारखंच. मी मॅनेजरला शांतपणे सांगितलं.

त्यांनी माफी तर मागितलीच, पण पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो तेव्हा किचनमधून एक मुलगी स्वतः बाहेर आली, वही घेऊन, आणि आईंना काय चालतं काय नाही ते विचारत बसली. मग आला बिगिल्ला, इथल्या छोट्या गडद घेवड्याचा लसूण-मिरची घातलेला लगदा, सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्या कडव्या वालाच्या जवळचं आहे." मग पावाचा चुरा आणि ऑलिव्ह भरलेलं आर्टिचोक, मोठ्या कळीसारखी भाजी, कारण वसंतात इथं आर्टिचोक भरपूर, आणि हिरव्या घेवड्याची नुसती तेल-लिंबू घातलेली कोशिंबीर. हे चार वाजता संपत होतं आणि तेवढ्यात अप्पर बराक्काच्या बागेतली रोजची तोफ उडाली, सासरे दचकले, समोर ग्रँड हार्बर, पलीकडे सेंट अँजेलोचा किल्ला, मधाच्या रंगाचा दगड उन्हात. माझ्या सातांतलं सगळ्यात सुंदर जेवण हेच, आणि दुपारचा मेन्यू माणशी 55 युरोचा होता.

तेव्हा कोणी येणार असाल तर माझं स्पष्ट मत, दुपारी जा, टेस्टिंग मेन्यू घेऊ नका, मेन्यू हातात आला की विचारा यातलं बेटावरचं काय आहे. माल्टा अवघा 316 चौरस किलोमीटर, बरंचसं अन्न बाहेरूनच येतं, म्हणून इथलं जे आहे त्याची किंमत मोजायला मला जड जात नाही. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या दिवशीच फोनवर बोला, ईमेलवर विसंबू नका. रेनेटचं नाव घेऊन विचारा. आणि गोड पदार्थात गेले नऊ महिने तेच संत्र्याचं पुडिंग आहे, आता बदला हो, मी दरवेळी लिहून देते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं टेबल मी आत्ताच धरून ठेवलंय. लांपुकी तोवर आलेली असेल.