ग्राहक-गटाला रेटलिस्ट लावायचं सॉफ्टवेअर, दोन्ही सिझन वापरून झाल्यावर

आमचं जालन्याला पाइप, फिटिंग आणि ठिबकच्या सामानाचं होलसेल. गिऱ्हाईक म्हणजे अंबड-परतूर-मंठ्याकडचे दुकानदार, ठेकेदार, प्लंबर आणि थेट शेतकरी, आणि प्रत्येकाचा रेट अण्णांच्या डोक्यात. अण्णा जेवायला गेले की काउंटरवर बिल अडून राहायचं. म्हणून गिऱ्हाइकांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा रेट लावणारं हे बिलाचं सॉफ्टवेअर घेतलं. नाव लिहीत नाही, उगं वाद नको.

चांगलं आधी सांगतो. कंपनीची छापील लिस्ट मूळ धरायची आणि गटांच्या लिस्टा तिच्यावर टक्क्यानं खाली. रेझिन, म्हणजे पाइपचा कच्चा माल, वरखाली झालं की पाइपचे रेट हलतात, मग एक्सेलमधून मूळ लिस्ट चढवली की बाकीच्या आपोआप बदलतात. लागू तारीखही टाकता येते, त्यामुळं मागच्या तारखेचं बिल जुन्याच रेटनं बनतं. एवढ्यावरच पैसे वसूल आहेत बघा.

आता डोकं कुठं उठतं ते. पार्टीच्या, म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या, खात्यावर वेगळी लिस्ट लावलेली असली की गटाची लिस्ट लागतच नाही. नियम बरोबरच आहे, पण हा रेट गटाचा का पार्टीचा हे बिलावर कुठंच दिसत नाही. एका दुकानदाराला सिझनपुरता खास रेट दिलेला, सिझन सरला, गट बदलला, तरी बिल जुन्याच रेटनं निघायलंय. मुनीमजी म्हणायलेत, "शेठ, गट तर बरोबर आहे." खातं उघडून पार शेवटच्या टॅबला गेलो तर तिथं ती लिस्ट तशीच चिकटलेली. खास रेटाला शेवटची तारीख टाकायची सोय पार्टीच्या खात्यात नाही, ही मोठी उणीव.

दुसरं, एक पार्टी एकाच गटात बसते. आमचे बरेच प्लंबर गावात दुकानही चालवतात. सपोर्टवाला म्हणला दोन खाती उघडा. अरे बाबा, मग उधारी दोन ठिकाणी फुटते, लिमिटला काय अर्थ राहिला? त्यापेक्षा बिलातच लिस्ट बदलायची सोय चालू केली आणि तिला पासवर्ड लावला, नाहीतर काउंटरवरची पोरं दोस्ताला ठेकेदाराचा रेट लावून मोकळी.

जीएसटीचं तर सगळ्यांनीच बघून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ ला ठिबक १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. दुकानदारांची लिस्ट आमची कराशिवायची, कारण ते भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) घेतात, तिथं १०० च्या मालाचं बिल ११२ वरून आपोआप १०५ झालं. शेतकरी मात्र "सगळं मिळून किती" असंच विचारतो, म्हणून त्याची लिस्ट करासकट. तिथं ११२ तसंच राहिलं आणि सॉफ्टवेअरनं आतला मूळ दर १०० चा १०६.६७ करून टाकला. म्हणजे सरकारनं कर कमी केला आणि शेतकऱ्याला दमडीचा फायदा नाही! कच्चं बिल काढून बघितलं म्हणून सापडलं, मग ती लिस्ट पूर्ण नव्यानं बांधली.

मोबाईल ॲप निस्तं नावाला, त्यावर बोलण्यात अर्थ नाही.

रिन्यूअल केलंय. डेमोला बसलात तर सेल्समनला रिपोर्ट दाखवायला लावू नका, एकाच पार्टीला गटाची आणि खात्याची अशा दोन लिस्टा लावायला सांगा आणि बिल काढायला लावा.