कॉलेज रोडचा नर्सिंग इंटरव्ह्यू क्लास: मॉकसाठी (सराव मुलाखतीसाठी) जा, नोट्ससाठी नको

आयसीयूत नऊ वर्षं झाली मला, क्रॅश कॉल (पेशंटचं हृदय बंद पडल्याचा) आला तरी हात थरथरत नाही, पण नर्स एज्युकेटरच्या, म्हणजे सिस्टरना शिकवायच्या पोस्टसाठी अर्ज टाकला आणि इंटरव्ह्यूला या म्हणून फोन आला तर घशाला कोरड. मग आमच्या युनिटमधल्या एका सिस्टरने सांगितलं म्हणून कॉलेज रोडवरचा हा क्लास लावला, चार रविवार, साडेचार हजार. नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे, नाशिकमधल्यांना कळेलच.

पहिला रविवार वाया गेला. 'स्वतःबद्दल सांगा'चं एक इंग्लिश उत्तर सगळ्यांना झेरॉक्स करून दिलं आणि पाठ करा म्हणाले, आम्ही बारा जणी आणि बाराच्या बारा डायनॅमिक लीडर 😄 वर नोट्समध्ये बायोमेडिकल वेस्टच्या तक्त्यात अजून काळी पिशवी! अहो ती 1998 च्या नियमातली, 2016 पासून पिवळा, लाल, पांढरा, निळा. सरांना दाखवलं तर म्हणे पॅनल एवढं खोलात जात नाही. जातं हो, मला विचारलं.

पण दुसऱ्या रविवारपासून ज्या मॅडम येतात, रिटायर्ड ट्यूटर आहेत, त्यांच्यासाठी पैसे वसूल. दहा मिनिटांचा डेमो घ्यायला लावतात आणि मोबाइलवर शूट करून आपल्यालाच दाखवतात. माझा विषय हँड हायजीन, मी हात कधी धुवायचे त्याचे डब्ल्यूएचओचे पाच मोमेंट एका दमात घडाघडा म्हटले, दोन मिनिटांत थांबवलं. "सिस्टर, मी आज जॉइन झालेली मुलगी आहे, माझ्या हातात अंगठी आहे, नखं वाढलीत, बघितलं का तुम्ही?" नव्हतं बघितलं. मी बोर्डाकडे तोंड करून शिकवत होते ते व्हिडिओत बघून मलाच लाज वाटली.

मग विचारलं, शिकवलेलं कळलं हे कशावरून? मी म्हटलं पोस्ट टेस्ट. तर म्हणाल्या ते मार्क झाले, महिन्याने बेडपाशी उभं राहून ती खरंच हात धुते का ते कोण बघणार, आणि इन्फेक्शन कमी झालं का ते? ट्रेनिंगचा परिणाम मोजायच्या किर्कपॅट्रिकच्या चार लेव्हल मी परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या, वॉर्डात त्या कुठे दिसतात ते त्या दिवशी कळलं.

सगळ्यात जास्त फायदा आकड्यांचा झाला. मी ऐटीत सांगितलं की आमच्याकडे महिन्याला दोनच क्लॅबसी (मोठ्या शिरेत टाकलेल्या नळीमुळे, म्हणजे सेंट्रल लाइनमुळे, रक्तात होणारं इन्फेक्शन) होतात. मॅडम म्हणाल्या, किती लाइन डेजमध्ये, म्हणजे सगळ्या पेशंटना मिळून किती दिवस लाइन होती? दोन केस आणि 400 सेंट्रल लाइन डेज असतील तर हजारामागे 5, पण 200 च असतील तर 10, मग 'दोनच' कसं म्हणता? घरी येऊन युनिटचं रजिस्टर आठवत बसले, नऊ वर्षं ते भरलं आणि हा भागाकार कधी स्वतः केला नाही.

लीडरशिपचा प्रश्न होता की तुमच्यापेक्षा सीनियर सिस्टर तुमचं ऐकत नाही, काय कराल. मी लगेच, मेट्रनना सांगेन. हसल्या. "मग तुमची पोस्ट कशाला?" आधी तिला एकटीला गाठा, तिची अडचण विचारा, तिच्याकडून एखादी प्रोसिजर नव्या मुलींना शिकवून घ्या, वर नेणं शेवटी. इंग्लिश अडलं की मराठीत सांगायला लावायच्या, म्हणायच्या मुद्दा असला की भाषा मागून येते.

आता तक्रार. बॅच सकाळी नऊची, नाइट करून येणाऱ्या मुली अक्षरशः पेंगतात. माझी ड्यूटी लागली म्हणून एक मॉक बुडाला तर पुढच्या बॅचला या म्हणाले आणि त्यासाठी माझ्याकडे पुन्हा अर्धी फी मागितली, हे पटलं नाही. आणि फाइलमध्ये काय काय लागतं हे कोणीच सांगत नाही. बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, सीपीआर वगैरेच्या ट्रेनिंगचं) कार्ड दोन वर्षांचं असतं, माझं पंधरा दिवसांपूर्वी संपलेलं, आणि पॅनलने फाइल उघडून पहिलं बोट तिथेच ठेवलं. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू आहे का ते पण बघून घ्या.

दुसऱ्या राउंडला बोलावलंय, बघू. तीन स्टार देते, ते पण मॅडमचे. नुसता मॉक पाहिजे असेल तर फोन करून विचारा, दीड हजारात घेतात पण स्वतःहून सांगत नाहीत. आणि तिसरा मजला आहे, लिफ्ट बहुतेक वेळा बंद, नाइट करून जाणार असाल तर खाली चहा मारूनच वर चढा.