एकच रविवार मोकळा असेल तर: कणकुंबी की भीमगड?

दोन्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, दोन्हीकडे दाट रान, आणि दोन्हीकडे एकेका नदीचा उगम. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते. भीमगडच्या रानात, देगावजवळ उगम पावणारी म्हादई उलट पश्चिमेला वळते आणि गोव्यात मांडवी होते. कुठे जावं असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, सोबत कोण आहे?

आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर कणकुंबी. बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ल्याकडे जाणारा रस्ता तिथूनच जातो. उगमाचं कुंड देवळापाशीच आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही सहज दर्शन होतं. पुढे चोर्ला घाटात कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्राच्या हद्दी जवळजवळ येतात. पावसात तिथलं हिरवेपण डोळ्यांत मावत नाही. मात्र धुकं उतरलं की समोरच्या गाडीचा दिवाही दिसत नाही, तेव्हा सकाळी लवकर निघा. ज्याला मनसोक्त चालायचं आहे, त्याचं इथे समाधान होणार नाही.

त्याने भीमगडच गाठावा. हे रान 2011 मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे 190 चौरस किलोमीटर. पोर्तुगीजांवर नजर ठेवायला शिवरायांनी बांधलेला किल्ला आज ढासळलाय, पण कड्यावर उभं राहिलं की खाली म्हादईचं खोरं आणि नजर पोचेल तिथवर झाडी. बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. मला मात्र आठवतं ते शेकरू. वाटेवर अर्धवट कुरतडलेली फळं टपटप पडत होती, म्हणून मान वर केली, तर फांदीवरून झुबकेदार शेपटी खाली लोंबत होती. आम्ही सहा जण होतो, कुणी चकार शब्द काढला नाही.

पण वनखात्याची परवानगी आणि माहीतगार वाटाड्या, दोन्ही हवेतच. अस्वलं, गवे, बिबटे इथे खरोखर आहेत, आणि मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका: जळवा मोज्यातून आत शिरतात, ओढे तासाभरात फुगतात आणि परतीची वाट बंद होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस खरे.

म्हणजे पावसात कणकुंबी, थंडीत भीमगड. थंडीत परवानगी मिळाली नाही, तर गाडी जांबोटीकडे वळवा. कणकुंबीला जेवणाच्या वेळेपर्यंत आरामात पोचाल.