एलटीस्पाइस आणि थंड पडलेली चौथी फेज

दुरुस्तीला आलेला बोर्ड: १२ व्होल्टवरून १ व्होल्ट, ८० अँपिअर, चार फेजचा बक कन्व्हर्टर, म्हणजे चार सारख्या शाखांनी (फेजनी) मिळून व्होल्टेज उतरवणारं सर्किट. थर्मल कॅमेऱ्यात तीन इंडक्टर तापलेले, चौथा बराच थंड. स्कोपवर चारही स्विच नोड (मॉस्फेट आणि इंडक्टर जुळतात ती जागा) ठणठणीत. चौथीचे मॉस्फेट (स्विचचं काम करणारे ट्रान्झिस्टर) बदलले, त्यांना चालवणारा ड्रायव्हर बदलला, काही फरक नाही. मग इंडक्टरांवरचा डीसी ड्रॉप मोजला. तिघांवर ८.४ मिलिव्होल्ट, चौथ्यावर ६.७. डीसीआर (इंडक्टरच्या तारेचा स्वतःचा रेझिस्टन्स) ०.४ मिलिओहम, म्हणजे तिघांतून २१ अँपिअर आणि चौथ्यातून जेमतेम १७.

कंट्रोलर तर हाच ड्रॉप पाहून चारही फेजना करंट सारखाच वाटून देतो. म्हणजे त्याला चौथीवरही ८.४ दिसत असणार. वरचे १.७ मिलिव्होल्ट कुठून येतात? १७ अँपिअरने भागाकार केला, ०.१ मिलिओहम आले. हा अंदाज तपासायला एलटीस्पाइस उघडलं, म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून पाहायचं सॉफ्टवेअर.

फुकट आहे, नोडांची मर्यादा नाही, आणि आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपला ही फार मोठी गोष्ट आहे. एक अडचण आहे: पीस्पाइस या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी कुलूपबंद केलेली मॉडेल्स यात चालत नाहीत. कंट्रोलरचं मॉडेल नेमकं तसंच होतं, म्हणून करंट वाटणारा लूप मी बी-सोर्स (सूत्र लिहून चालवायचा सोर्स) वापरून स्वतः लिहिला. मॉस्फेटच्या जागी साधे स्विच, ५०० किलोहर्ट्झची चार क्लॉक, प्रत्येक आधीच्यापेक्षा ०.५ मायक्रोसेकंद उशिरा. इंडक्टर २२० नॅनोहेन्रीचे. हातच्या हिशेबाने एका फेजचा रिपल (करंटचा चढउतार) ८.३ अँपिअर, चौघींची बेरीज केली की ६. ग्राफवर दोन्ही आकडे तसेच आले, तेव्हा कुठे सर्किटवर माझा विश्वास बसला.

चौथीच्या सेन्सच्या वाटेत, म्हणजे कंट्रोलर जिथून ड्रॉप मोजतो तिथे, ०.१ मिलिओहम घातले. उत्तर आलं तिघांतून २०.३ आणि चौथीतून १९ अँपिअर. बोर्डाशी जुळेना! दोन दिवस मी लूपमध्येच चूक शोधत होते.

कारण हेल्पमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. इंडक्टरची सिरीज रेझिस्टन्स तुम्ही दिली नाही, तर एलटीस्पाइस स्वतःहून १ मिलिओहम धरतं. मी डीसीआर वेगळा रेझिस्टर म्हणून जोडला होता, त्यामुळे ०.४ चे १.४ झाले आणि ०.१ चा परिणाम त्यात बुडाला. मिलिव्होल्टांत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं, इंडक्टरवर राइट-क्लिक करून तिथे शून्य लिहावं. मी शून्य लिहिलं. २१ आणि १६.८.

मग भिंगाखाली बोर्ड पाहिला. चौथीची सेन्स लाइन इंडक्टरच्या पॅडवरून न घेता ४ मिलिमीटर पुढून घेतलेली. तांबं १० मिलिमीटर रुंद, ७० मायक्रॉन जाड: बरोबर ०.१ मिलिओहम. ट्रॅक कापला, बारीक वायर थेट पॅडवर आणली. आता चारही इंडक्टरांवर ८ मिलिव्होल्ट.