एमए मराठी कोकणात राहून करावं का? माझा दोन वर्षांचा अनुभव

टीवायच्या मुली सारख्या विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कॉलेजचं नाव देत नाही कारण तक्रारी पण लिहिणार आहे, कोकणातल्या एका कॉलेजचा मराठी विभाग एवढंच समजा. दोन वर्षं, चार सेमिस्टर, नव्या धोरणात एकूण 88 क्रेडिट, आणि वर्गात आम्ही जेमतेम अकरा जण, त्यातल्या तिघी लग्न झालेल्या, घरचं आवरून एसटीने येणाऱ्या.

साहित्याचे पेपर ठीक, बरेचसे नोट्सवर निघतात. पण भाषाविज्ञान आणि बोलींचा अभ्यास यासाठी मी हा विभाग मनापासून रेकमेंड करेन. पहिल्याच तासाला मॅडमनी 'जरा' हा शब्द दोनदा म्हणून दाखवला, एक जरा म्हणजे थोडं आणि दुसरी जरा म्हणजे म्हातारपण, लिहायला अक्षर एकच पण ज वेगळा, आणि मी एवढी वर्षं मराठी बोलत होते तरी हे कधी कानावर घेतलंच नव्हतं.

त्यानंतरचा अनुस्वाराचा तास तर मी विसरूच शकत नाही. पूर्वी छापील मराठीत 'माझें घर' असं अनुस्वार देऊन लिहायचे, 1962 च्या लेखननियमांत उच्चार न होणारे अनुस्वार काढून टाकले. मॅडम म्हणाल्या, घरी जाऊन आजीचं बोलणं नीट ऐका. आमची आजी मालवणीच बोलते, "ह्यां माझां घर", आणि ते नाकातलं अं स्पष्ट ऐकू येतं! पुस्तकातून गेलेली गोष्ट आमच्या ओटीवर रोज बोलली जाते. शाळेत ह्याच बोलण्यासाठी आम्हाला गावठी म्हणून गप्प बसवलं होतं, त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

फील्डवर्कला आम्ही मासळी बाजारात आणि वाडीवाडीत जाऊन रेकॉर्डिंग केलं. पहिल्या दिवशी सगळं फुकट गेलं, कारण मोबाईल पुढे धरला की 'माका' चं लगेच 'मला' होतं आणि 'मी जातंय' चं 'मी जाते', माणसं आपोआप सायबी बोलायला लागतात. मग मॅडमनी सांगितलं आधी दोन दिवस नुसतं जाऊन बसा, चहा प्या, मग प्रश्न. तसं केल्यावर जे हाताला लागलं ते वर्गात बसून मिळालं नसतं, आणि हे फील्ड दाराशी असणं हाच इथे शिकण्याचा मोठा फायदा आहे.

अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखाचा तासही छान झाला. शके 934 म्हणजे इ.स. 1012, मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांपैकी एक, आणि तो आपल्या किनाऱ्यावर, कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळातला. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही हाच लेख परत काढून वाचला होता. मोडीचा, म्हणजे मराठीच्या जुन्या हस्तलिपीचा पेपर घ्यायला मिळाला तर नक्की घ्या. ह्रस्वदीर्घाचा भेद नसल्यामुळे सुरुवातीला डोकं दुखतं, पण महिन्या-दीड महिन्यात घरातले जुने जमिनीचे कागद थोडेथोडे लागायला लागतात, माझ्या काकांनी तर ट्रंकच आणून समोर ठेवली.

आता तक्रारी. लायब्ररी! भाषाशास्त्रज्ञ ना. गो. कालेलकरांची पुस्तकं एकेकच प्रत, तीही कुलुपातल्या कपाटात, चावीवाले क्लार्क रजेवर असले की झालं, मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश तर मी शेवटी मोबाईलवरच बघायला लागले. गणपतीनंतर चौथ्या दिवशी इंटर्नल ठेवतात, कोकणात हे कुणाला सुचतं मला कळलेलं नाही, निम्मी मुलं चाकरमान्यांना सोडायला स्टेशनवर असतात. नेट-सेटचं, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षांचं मार्गदर्शन जवळपास नाहीच, आणि नोकरीचं म्हणाल तर पुढे सीएचबीवर (तासाप्रमाणे पैसे मिळतात ती तात्पुरती नोकरी) तास मिळणं हीच पहिली पायरी, हे प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

आणि सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे आमची सगळी रेकॉर्डिंग एका पेनड्राइव्हवर विभागात पडून आहेत. त्यातल्या एक आजी गेल्या पावसात गेल्या. मी दोनदा अर्ज दिलाय की दुसरी कॉपी करून लायब्ररीत ठेवा. तुम्ही प्रवेश घेतलात तर तिसरा अर्ज तुम्ही द्या, मी सोबत येते.