दिल्लीच्या थंडीत घेतलेली ‘पश्मिना’

२३ जानेवारीला दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची रंगीत तालीम असते. कर्तव्यपथाच्या आसपासचे रस्ते सकाळपासून बंद करतात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. रिक्षावाल्याला ठाऊक होतं.

पहाडगंजच्या हॉटेलातून आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई, नऊला बाहेर पडलो. धुकं इतकं की समोरच्या पाट्या वाचता येईनात. इंडिया गेट म्हटल्यावर रिक्षावाला म्हणाला, “आज रिहर्सल है, सब बंद.” नवऱ्याने मोबाइलवर पाहिलं, खरंच बंद. झालं, माणसावर विश्वास बसला. मग हुमायूनची कबर? “वहाँ भी बारह बजे के बाद एंट्री.” हे मात्र आम्ही तपासलं नाही. पहिलं खरं निघालं होतं ना! ती वास्तू सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उघडी असते.

तोवर म्हणे सरकारी एम्पोरियम बघा, ५० रुपयांत सोडतो. घ्यायचं काही नाही, दहा मिनिटं आत बसा, मला गॅसचं कूपन मिळतं. एवढं सरळ सांगितल्यावर उलट त्याची दयाच आली.

आत हीटर, काश्मिरी कहवा, वर ‘गव्हर्न्मेंट अप्रूव्ह्ड’ अशी पाटी. सासूबाई साध्या स्वेटरवर कुडकुडत होत्या. विक्रेत्याने न विचारताच “माताजी, बस ओढ के देखिए” म्हणत मोरपंखी शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. मग ‘असली पश्मिना’ म्हणत अंगठीतून शाल ओढून दाखवली. सुळकन निघाली. आता कळतं, त्यात काही अर्थ नसतो. पातळ विणीचं कुठलंही कापड अंगठीतून जातं.

किंमत १८,०००. मी उठले. १२,०००. दारापर्यंत गेले, ९,०००. शेवटी ६,५०० ला सौदा झाला आणि भाव करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही अशा थाटात मी पिशवी घेतली. तिथेच चुकलं. सरकारी दुकानात भाव चिठ्ठीवर छापलेला असतो, तो दारापर्यंत जाताना निम्मा होत नाही. पैसे भरताना स्क्रीनवर दुकानाऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं, तेही नवऱ्याने पाहिलं आणि काही बोलला नाही. बिलावर ‘लेडीज शाल, १ नग’. पश्मिना हा शब्द कुठेच नाही! तो असता तर भांडायला निदान काहीतरी हातात राहिलं असतं.

दुपारी हुमायूनच्या कबरीपाशी तिकिटाच्या रांगेत पुढच्या माणसाला विचारलं, बाराला उघडलं का? तो म्हणाला, आमची मंडळी सकाळी आठलाच आत जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी जनपथवरच्या खऱ्या सरकारी दुकानात, सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियममध्ये गेलो. राज्याराज्यांची एम्पोरियम बाबा खड़कसिंग मार्गावर एका ओळीत आहेत, तीही खरी. तिथल्या पश्मिन्यावरून हात फिरवला तेव्हाच पोटात गोळा आला. खरा पश्मिना लडाखकडच्या चांगथांग पठारावरच्या शेळीच्या आतल्या मऊ लवीचा. धागा १२ ते १६ मायक्रॉन, आपल्या केसापेक्षा कितीतरी बारीक. आमची शाल त्यापुढे गुळगुळीत आणि चकचकीत. काश्मिरी पश्मिन्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्याचं लेबल मागायचं, हेही तिथेच कळलं.

घरी आल्यावर जावेने झालरीचा एक धागा उपसून गॅसवर धरला. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडते. आमचा धागा वितळला, काळा थेंब झाला, गार झाल्यावर मण्यासारखा टणक. सासूबाई बघत होत्या.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं, बिलावर काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं आणि मलाच पुढे काय बोलावं कळेना.

शाल सासूबाई अजून वापरतात. म्हणतात, ऊब तर आहे. आहेच, अॅक्रिलिकला ऊब असतेच.